उजव्या पोटरीचा तपास

थोरली बहीण जन्मात कधी धावली नव्हती. समोरून बस सुटत असली तरी ती धावायची नाही. मागून दुसरी येतेच, आणि नाही आली तर आजचं काम उद्या, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं तिने शिलाई मशीनवर बसून शर्ट, झगे, शाळांचे गणवेश आणि दवाखान्यातल्या नर्सचे कोट शिवले होते, आणि या सगळ्या काळात तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंतचा. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी तिने धावायचे बूट विकत आणले तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. नवऱ्याने बुटांचं खोकं उचलून आतबाहेर पाहिलं आणि हे चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना, असं विचारलं.

खरी गोष्ट अशी होती, की धावायचं तिला नव्हतंच. तिला उठवायचं होतं धाकटीला.

धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे अशी, की बेडूक, चुंबक, वाफ, काहीही हातात आलं तरी तिचे डोळे लुकलुकायचे. मागच्या वर्षी तिचा नवरा चार दिवसांच्या तापाने गेला. धडधाकट माणूस, सोमवारी अंगात कणकण म्हणून झोपला आणि शुक्रवारी नव्हता. थोरलीने तिला आपल्या घरी आणलं, शिवणाच्या दुकानामागची खोली दिली. त्या खोलीचा पडदा धाकटीने पहिल्या दिवशी ओढला तो ओढलाच. हाक मारली की जेवायची, आठवण केली की आंघोळ करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आणि आपणहून एक शब्द बोलायची नाही. शाळेने लांबलचक रजा दिली होती. तीही आता संपत आली होती.

समजावून सांगून काही उपयोग नाही, हे थोरली जाणून होती. धाकटीला तिच्या भल्याचं काही कर म्हटलं की ती ढिम्म हलायची नाही. मात्र ताईला आपली गरज आहे म्हटलं की ती हातातलं टाकून यायची. लहानपणी पोहायला ती याच एका कारणासाठी शिकली होती, की ताई एकटी पाण्यात उतरते. तेव्हा एका संध्याकाळी थोरली त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली आणि सरळ तोंडावर खोटं बोलली. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलंय, म्हणाली. रोज सकाळी हळूहळू धावलं नाही तर पुढचं काही खरं नाही. पण एकटीने जायला भीती वाटते, वाटेत काही झालं तर?

काही झालं तर, हे शब्द तोंडातून निघाले आणि थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. चार दिवसांत नवरा गमावलेल्या बाईला हे सांगायचं, म्हणजे ताज्या जखमेवर मुद्दाम बोट ठेवायचं. पण बाण सुटला होता आणि तो लागलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता धाकटी जुने कॅनव्हासचे बूट घालून दाराशी उभी होती.

घरापासून पाच मिनिटांवर एक तळं होतं आणि तळ्याभोवती मातीची रुंद वाट. एक फेरी म्हणजे दीड किलोमीटर, असं तिथल्या पाटीवर लिहिलेलं. न थांबता एक फेरी पुरी करायची, एवढंच दोघींनी ठरवलं. पहिल्या दिवशी त्या शंभर पावलं धावल्या आणि हजार चालल्या. थोरली पुढे असायची, कारण खोटं बोलल्यावर तिला धाकटीच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. धाकटी तिच्या मागे चार पावलांवर. बोलणं शून्य. पण धाकटी उन्हात येत होती, वाऱ्यात येत होती, घरी आल्यावर भुकेने दोन घास जास्त खात होती. थोरली मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होती, तेवढ्यात तिच्या उजव्या पोटरीने संप पुकारला.

आधी नुसती ओढ वाटली. आठव्या दिवशी मात्र तळ्याच्या पलीकडच्या बाजूला, पाणी सोडायच्या लोखंडी दारापाशी, पोटरी अशी आवळली की थोरलीला वाटलं आत कुणीतरी गाठ मारली. ती बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती, पण धाकटीला ते मागून कसं दिसणार. दुसऱ्या दिवशी त्याच दारापाशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डावा पाय बिचारा गाईसारखा गरीब, कसली तक्रार नाही. उजव्याचंच आपण काय घोडं मारलं होतं, हे तिला कळेना.

धाकटीला सांगायची तर सोय नव्हती. दुखतंय म्हटलं की ती म्हणणार, चार दिवस विश्रांती घे. चार दिवस म्हणजे पडदा परत ओढला जाणार, आणि एकदा ओढलेला पडदा उघडायला थोरलीकडे दुसरं खोटं शिल्लक नव्हतं. म्हणून तिने गुपचूप उपाय सुरू केले. गिऱ्हाइकं असतातच, मापं घेता घेता प्रत्येकीला विचारायचं, पोटरी धरली तर तुम्ही काय करता? एकीने गरम तेल सांगितलं, एकीने मीठ घातलेलं पाणी, एकीने रोज दोन केळी. नर्सचे कोट न्यायला आलेल्या बाईने पट्टी आवळून बांधा म्हटलं. नवऱ्याचं मत असं पडलं, की धावायचंच बंद करावं, म्हणजे रोगही जाईल आणि औषधही. थोरलीने त्याचा सल्ला सोडून बाकी सगळे एकदम अमलात आणले. शिवाय उठल्या उठल्या, अंग गार असतानाच, भिंतीला हात टेकून पोटरी तट्ट ताणायची, जणू हट्टी कापडाची सुरकुती काढायची आहे. पोटरी आणखीच रुसली.

मग एका सकाळी वाटेवर दव पडून माती ओली होती. दारापाशी पाय धरला, थोरली नेहमीप्रमाणे नाडी बांधायला वाकली, आणि मागून आवाज आला.

"ताई, तुझी उजवी टाच जमिनीला लागत नाही."

थोरली वाकलेलीच राहिली. टाचेचं राहू दे. धाकटी आपणहून बोलली होती. तीही कमरेत वाकून मातीकडे बघत होती. ओल्या वाटेवर थोरलीच्या बुटांचे ठसे उमटले होते. डाव्या पायाचे पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. उजव्याचा पुढचा निम्मा भाग खोल उतरलेला आणि मागे काहीच नाही, जणू तो पाय कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून चवड्यावर चालला होता. धाकटी मागे मागे गेली, किती ठसे असे आहेत ते बघत. वाटेच्या सुरुवातीला उजवी टाच उमटली होती. पुढे पुसट होत गेली. दारापाशी गायब.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुखतंय, थोरली कबूल झाली, आणि विश्रांतीचं नाव निघण्याची वाट बघत उभी राहिली. पण धाकटीने विश्रांतीचं नाव काढलं नाही. तिने विचारलं, कधीपासून. उतारावर जास्त की चढावर? जिने चढताना होतं का? झोपेत होतं का? डावीला अजिबात नाही? आणि आजवर काय काय केलंस?

तेल, मीठ, केळी, पट्टी आणि भिंत ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. हे सगळं एकदम केलं तर कशाने वाढलं आणि कशाने कमी झालं हे कसं कळणार, असं ती म्हणाली, आणि हा शाळेतला आवाज होता. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जाईल असा. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं."

त्या दिवसापासून पोटरीवर रीतसर प्रयोग सुरू झाला. धाकटीने आपल्या बॅगेतून शाळेची एक कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, किती पावलांनी ओढ सुरू झाली, किती पावलांनी टाच उचलली गेली, माती ओली की कोरडी. लिहायला उजेड हवा म्हणून तिने खोलीचा पडदा सरकवला. थोरलीने ते दुकानातून पाहिलं आणि हातातली कात्री तशीच धरून पाच मिनिटं उभी राहिली. तेल बंद झालं, केळी बंद झाली, पट्टी गेली. तीन दिवस नुसतं निरीक्षण. चौथ्या दिवसापासून एक बदल: आधी दहा मिनिटं चालायचं आणि मग धावायचं, तेही इतकं हळू की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य बोलता येतंय का हे तपासायला बोलावं तर लागणारच. धाकटी मागून शेजारी आली आणि विचारू लागली, सात आठ छप्पन्न पुढे सांग. शाळेत थोरलीचे पाढे कच्चे होते. ते धाकटीला अजून आठवत होतं.

थोरलीच्या मनाची मोठी पंचाईत झाली. पोटरी बरी व्हावी असं तिला वाटत होतं, आणि बरी झालीच तर या वहीचं काय होणार, अशी धास्तीही वाटत होती. पाय आपला, दुखणं आपलं, आणि ते जावं की राहावं हे ठरेना. पोटरीने मात्र तिचं मत विचारलं नाही. हळू धावून ओढ उशिरा सुरू व्हायला लागली, पण संध्याकाळी मशीनवरून उठताना पाय असा ताठायचा की दोन पावलं लंगडत टाकावी लागायची. असंच चाललं तर एक दिवस आपण खरंच बसणार आणि आपल्याबरोबर धाकटीही बसणार, ही भीती तिच्या मनात घर करून राहिली.

आणि मग थोरलीने ती चूक केली, जी शिवणकाम करणाऱ्या बाईलाच सुचू शकते. एका दुपारी दुकानात कुणी नसताना तिने टेप काढला आणि स्वतःचे पाय मापले. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत, दोन्ही पाय, तीन तीनदा. उजवा अर्धं बोट आखूड भरला. तिला हायसं वाटलं, रोग सापडला. आयुष्यभर तिने लोकांची शरीरं अशीच जाणली होती, एक खांदा खाली, एक हात लांब, आणि प्रत्येकाला कपड्यात उत्तर दिलं होतं. कापड कमी पडलं की जोड द्यायचा, हे तिच्या हातांना सांगावं लागत नव्हतं. कॉलर ताठ राहावी म्हणून आणलेल्या जाड बकरमचे तिने टाचेच्या आकाराचे आठ तुकडे कापले, एकावर एक ठेवून बारीक टाक्यांनी शिवले, आणि ती सुबक गादी उजव्या बुटात आतल्या तळव्याखाली सरकवली. धाकटीला सांगितलं नाही. एका वेळी एकच गोष्ट, हा नियम मोडल्याबद्दल ओरडा बसला असता.

तीन दिवस स्वर्ग होता. टाचेखाली उंची आल्यामुळे पोटरीला ताण पडेना, आणि लोखंडी दार मागे टाकून त्या दोघी चक्क वडाच्या झाडापर्यंत पोचल्या. फेरीचा शेवटचा चतुर्थांश तेवढा उरला. धाकटी आनंदाने मोहरून गेली. हळू धावण्याचा परिणाम, असं तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. घरी येताना ती सांगत होती, की शाळेत मुलींना हा प्रयोग करायला लावता येईल, प्रत्येकीने आपापले ठसे मापायचे. थोरलीने मान डोलावली आणि बकरमचं नाव गिळून टाकलं.

चौथ्या दिवशी वड यायच्या कितीतरी आधी, दारही यायच्या आधी, पोटरी दगड झाली. नुसती आवळली नाही. थोरलीला पाऊलच टेकवेना. धाकटीच्या खांद्यावर हात टाकून ती अर्धी फेरी लंगडत परत आली. धाकटीने वाटेत एक शब्दही काढला नाही, आणि थोरलीला ओढलेला पडदा पुन्हा दिसायला लागला. पण ती गप्प होती ती विचार करत. घरी आल्यावर तिने वहीतल्या दोन रेघा खोडल्या. वेग तोच, वाट तीच, चालणं तेवढंच, आणि निकाल उलटा. काहीतरी आहे जे आपण बघतच नाही आहोत, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सकाळचा तास तर सगळा वहीत आहे. उरलेल्या तेवीस तासांत हा पाय काय करतो?

म्हणून त्या दुपारी ती प्रथमच दुकानात येऊन बसली. खुर्ची नको म्हणाली. मशीनसमोर जमिनीवरच मांडी घालून बसली आणि गुंड्यांचा डबा मांडीवर घेऊन रंग निवडत राहिली. थोरली नर्सचा कोट शिवत होती. मोटरचं मशीन, उजव्या पायाच्या चवड्याने पायडल दाबलं की धावतं, सोडलं की थांबतं. बाही झाली. थोरलीने मशीन थांबवून धागा तोडला, दुसरी बाही उलटसुलट करून पाहिली, दारातून हाक मारणाऱ्या गिऱ्हाइकाला गुरुवारी या म्हणून सांगितलं, पाणी प्यायलं.

"मशीन बंद आहे ना, ताई?" धाकटीने खालून विचारलं.

बंदच आहे, थोरली म्हणाली.

"मग तुझी टाच वर का?"

थोरलीने मान वाकवून टेबलाखाली पाहिलं. पायडलवर तिचा उजवा पाय चवड्यावर उभा होता, टाच चार बोटं हवेत. मशीन थांबून पाच मिनिटं झाली होती. तिने टाच खाली घेतली. पुढची शिवण धरली, थांबवली, आणि दोघींनी मिळून पाहिलं: पायडल सुटलं, पण टाच उतरली नाही. हुकमाची वाट बघत ती तशीच टांगलेली. डावा पाय शेजारी जमिनीवर आरामात पसरलेला. तीस वर्षं, दिवसाचे नऊ तास, आणि तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. हजारो माणसांच्या उभं राहण्यातला बाक तिने पहिल्या नजरेत ओळखला होता आणि स्वतःची टाच तिने आज पाहिली.

दोघी हसायलाच लागल्या. धाकटी गुंड्यांचा डबा बाजूला ठेवून पोटावर आडवी झाली आणि टेबलाखाली डोकं घालून, पुन्हा कर, पुन्हा कर, म्हणत राहिली. वहीत तिने नवा रकाना आखला. आता हे कुणा जाणत्याकडून पडताळून घेतलं पाहिजे, असं तिनेच ठरवलं, तिनेच चौकशी केली, आणि दोन दिवसांनी ती ताईला एका फिजिओबाईंकडे घेऊन गेली.

फिजिओबाई धाकटीच्या वयाच्या होत्या, हसऱ्या, बोटं मात्र सांडशीसारखी. त्यांनी पोटरी दाबली, थोरलीला एका पायावर उभं केलं, टाच उचलायला लावली. डाव्या पायाने वीसदा झालं, उजव्याने सहाव्यांदाच पाय लटपटला. धाकटीने वही पुढे केली. ती वाचताना बाईंचा चेहरा खुलत गेला. पायडलचं अगदी बरोबर आहे, त्या म्हणाल्या. दिवसभर टाच वर राहून स्नायू आखूड स्थितीत राबतो, आणि सकाळी त्यालाच लांब होऊन उडी मारायला सांगायचं. थकलेला आहे तो, हट्टी नाही. गार अंगाने ताणून त्याची आणखी चिडचिड झाली. त्याला ताकद द्यायची. पायरीच्या कडेवर चवडे टेकून उभं राहायचं, दोन्ही टाचा वर न्यायच्या आणि पाच मोजत सावकाश खाली सोडायच्या. दहा दिवस धावणं बंद, मग थोडं धावायचं थोडं चालायचं. पण तीन दिवस एकदम बरं वाटून पुन्हा इतकं का बिघडलं, हे त्यांना कळेना. त्यांनी बूट मागितले. उजव्या बुटात हात घातला, आतला तळवा उपसला आणि आठ पदरी बकरमची गादी टेबलावर ठेवली.

मापात पाय आखूड भरला होता, असं थोरली चाचरत म्हणाली. पाय आखूड नाही, बाई म्हणाल्या; पोटरी आवळलेली असताना तुम्ही पाय सरळ न सोडता माप घेतलंत. जोड दिल्याने स्नायूला आखूडच राहायची मुभा मिळाली. धाकटी त्या गादीकडे बघत होती. तिने वही मिटली, पण चेहऱ्यावर राग नव्हता. शिस्त मोडणाऱ्या विद्यार्थिनीकडे बघावं तसं ती ताईकडे बघत होती. एवढ्यावर निभावलं असतं. पण फिजिओबाईंनी कागद पुढे ओढला आणि रीतीप्रमाणे विचारलं, धावायचा सल्ला कुठल्या डॉक्टरांनी दिला, आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या.

थोरली शिवणकामात तरबेज होती, पण खोट्याला अस्तर लावणं तिला जमलं नाही. गोळ्या नाहीत, ती म्हणाली. डॉक्टर कोण, हे विचारल्यावर ती रिकाम्या बुटाची नाडी बांधायला लागली. बाईंनी यंत्र लावून रक्तदाब मोजला. तो कोवळ्या मुलीसारखा होता.

परतीच्या वाटेवर धाकटी पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती थांबली, पण वळली नाही.

"मी रोज तुझा श्वास मोजत होते, ताई. मागे राहून. एखादा चुकला तर मला कळावं म्हणून."

थोरलीला त्या क्षणी पोटरीचं दुखणं परवडलं असतं. आठवडे न् आठवडे तिला वाटत होतं, की मागे चालणारी बहीण उन्हात आली, वाऱ्यात आली, सावरते आहे. आणि मागची बाई प्रत्येक पावलाला एक मरण टाळत होती. माफ कर, ती म्हणाली. तू उठावंस म्हणून केलं. धाकटी तडक घरी गेली, मागच्या खोलीत शिरली, आणि पडदा सळकन ओढल्याचा आवाज दुकानापर्यंत आला.

त्या दुपारी थोरलीने कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि उसवत बसली. संध्याकाळी धाकटी जेवायला आली नाही. थोरलीने नवऱ्याला सगळं सांगितलं. नेहमी काहीतरी खोचक बोलणारा तो माणूस एवढंच म्हणाला, की तिला उठवायला तुला दुसरं काही सुचलं नाही, हे तिलाही ठाऊक असेल. थोरलीला तेवढ्याने धीर आला नाही. तिने बकरमची गादी कचऱ्यात टाकली.

सकाळी सहाला ती सवयीने उठली. धावायचं नव्हतं, दहा दिवसांची बंदी होती. तिने दोन कप चहा केला आणि एक घेऊन मागच्या खोलीशी गेली. दार लोटलेलं. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग दार ढकललं. पडदा ओढलेला, अंधार, आणि पलंग रिकामा. पांघरूण घडी करून ठेवलेलं. दाराशी कॅनव्हासचे बूट नव्हते.

तळं डोळ्यांसमोर आलं आणि थोरलीने चहाचा कप तिथेच जमिनीवर ठेवला. नको नको ते मनात आलं. ती अनवाणीच बाहेर धावली, तीन पावलांत पोटरीने मागे ओढलं, आणि ती घराच्या पायरीवर बसली. नवऱ्याला उठवावं, की लंगडत का होईना निघावं? ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला धाकटी दिसली.

ती चालत येत होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, सदरा घामाने भिजलेला, आणि तोंडाने श्वास घेत होती. पायरीपाशी येऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोरली काही बोलायच्या आत तिने हात वर केला.

"पुन्हा मरणाचं नाव घेऊन मला बोलवायचं नाही. नुसतं चल म्हणायचं."

थोरलीने मान हलवली. काही तरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, कुठपर्यंत गेली होतीस.

"दोन फेऱ्या झाल्या. दुसरी निम्मी चालतच."

थोरली चकित झाली. दोघींना मिळून इतक्या दिवसांत एक पुरी करता आली नव्हती. दोन कशाला, असं तिने विचारलं.

"तुला दहा दिवस बंदी आहे ना," धाकटी म्हणाली. "एक माझी. एक तुझी."

थोरली पायरीवर जरा सरकली, आणि धाकटी धापा टाकत तिच्या शेजारी येऊन बसली.